मुंग्या जाईपर्यंत

मला सांगून आलेला मुलगा "टीव्हीत आहे" असं मामांनी सांगितलं, तेव्हा आमच्या खर्डीच्या घरात एकच गडबड उडाली. मुलगा बातम्या देतो की नाटकात काम करतो यावरून काकांमध्ये वाद झाला. शेजारची मैत्रीण म्हणाली, "तुला काय गो, रोज नवरा दिसंल. आमचे एकदा कामावर गेले की गेले."

बघायला आला तो सावळा, लुकडा, फारसं न बोलणारा माणूस. पोहे खाऊन झाल्यावर मोठ्या काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "कुठल्या कार्यक्रमात दिसता तुमी?" ह्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी नाही दिसत. मी वर डोंगरावर असतो. मी लावलं की बाकीचे दिसतात." सगळे हसले. आतल्या दारात उभी असलेली मीही हसले. माझा होकार बहुतेक तिथंच ठरला असावा.

माझं सासर मुरबाडच्या पुढं, जिथं सह्याद्रीची भिंत अगदी जवळ येते तिथलं. गावाच्या मागं डोंगर आणि डोंगराच्या डोक्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लोखंडी मनोरा. गावात त्याला कुणी मनोरा म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'टावर'. मुंबईहून निघालेलं चित्र आमच्याकडच्या डोंगरांना अडून राहायचं, शहापूर-मुरबाडच्या खोलगट गावांत पोचायचंच नाही. म्हणून सरकारनं वर हे केंद्र बांधलं होतं. वर एक भलीमोठी तबकडी होती. ती आकाशातून कार्यक्रम घ्यायची, यंत्र तो मोठा करायचं आणि मनोरा तो खाली सगळीकडं सोडायचा. रेडिओचंही एक यंत्र पुढं आलं. आमचे हे त्या यंत्रांवर होते. आठवडाभर वर राहायचं, मग दुसरी जोडी आली की आठवडाभर खाली. ही झाली कागदावरची गोष्ट. पावसाळ्यात वाट निसरडी झाली, बदलीचा माणूस आला नाही, की आठवड्याचे दोन आठवडे व्हायचे.

लग्नानंतर हे पहिल्यांदा वर गेले त्या सकाळी मला काही सुचेना. नवं घर, नवी माणसं, आणि ज्याच्या ओळखीनं आले तो माणूस डोंगरावर. सासूबाई गोठ्यात होत्या. ओटीवर काळा-पांढरा टीव्ही होता, ह्यांनी पहिल्या पगारात घेतलेला. मी उगीच त्याचं बटण फिरवलं. कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता. पडद्यावर नुसत्या मुंग्या. लाखो मुंग्या वळवळत होत्या आणि डब्यातून खरखर येत होती.

सासूबाई शेणाचे हात घेऊन दारात आल्या. "काय बघतंस गो त्यात? नुसत्या मुंग्या."

मी बंद करणार तेवढ्यात मुंग्या गेल्या. एकदम. खरखर थांबली आणि पडदा शांत काळा झाला. चित्र नव्हतं, आवाज नव्हता, पण ती शांतता आधीच्यासारखी रिकामी नव्हती. थोड्या वेळानं पट्टे आले, एक लांबलचक सूर आला आणि मग कार्यक्रम सुरू झाला. माझ्या डोक्यात आलं की आत्ता, ह्या घटकेला, ह्यांनी वर बटण दाबलं. म्हणजे हे उठलेत, तोंड धुतलंय, यंत्राजवळ आलेत. म्हणजे बरे आहेत.

त्या दिवसापासून माझी ती सवय झाली. हे वर असले की चहाचा कप घेऊन मी टीव्हीसमोर बसायचे, कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी. मुंग्या जाईपर्यंत चहा तोंडाला लावायचा नाही. मुंग्या गेल्या की पहिला घोट. मग टीव्ही बंद करून मी कामाला लागायचे. पुढचे कार्यक्रम बघण्यात मला गोडी नव्हती. पुढं मला गावातल्याच शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली, पण सकाळची ती घटका मी सोडली नाही. सासूबाई आधी हसायच्या. "येडी हाय," असं शेजारणींना सांगायच्या. नंतर नंतर त्याच आतून विचारायला लागल्या, "गेल्या का गो मुंग्या?" मी "गेल्या" म्हटलं की तांदूळ निवडायला घ्यायच्या.

ह्यांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, पण सांगायची वेळच यायची नाही. हे खाली यायचे ते आठवडाभराची झोप डोळ्यांत घेऊन. आले की शेतावर, बँकेत, मुलीच्या शाळेत. आम्ही दोघं बोलायला बसेपर्यंत वर जायचा दिवस उजाडायचा.

एका श्रावणात मात्र मुंग्या गेल्या नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी डोंगरावर वीज पडली होती. आवाज असा की शाळेतल्या पत्र्याखाली पोरं माझ्या साडीला येऊन चिकटली. सकाळी मी चहा घेऊन बसले. कार्यक्रमाची वेळ झाली, टळली, चहावर साय धरली, पण पडद्यावर मुंग्याच. सासूबाईंनी आतून विचारलं नाही. त्या येऊन शेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. वरचा फोन लागत नव्हता. जिथून जीप जायची तो रस्ता दरडीनं अडला होता. ओटीवर माणसं यायला लागली. "वयनी, टीव्ही कधी लागंल?" "वयनी, आज मॅच हाय." एक म्हातारे गृहस्थ तर रागावूनच आले, त्यांची मालिका चुकली होती. मी सगळ्यांना "लागेल, लागेल" म्हणत होते. वर असलेल्या माणसाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांच्यासाठी वर माणूस नव्हताच, टावर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पडद्याकडे बघत म्हटलं, "तू जाऊन ये. मी पोरीला बघतंय."

डोंगराच्या अर्ध्यावर एक पाडा आहे. तिथली एक बाई केंद्रावर भाजी, दूध पोचवायची. मी तिच्या घरी गेले. ती नाचणीच्या रोपांत वाकलेली होती. मी येण्याचं कारण सांगितलं तर म्हणाली, "वाट नाय ऱ्हायली बाय. दोन दिस मीच गेलू नाय." मग माझ्या तोंडाकडे तिनं बघितलं, हात धुतले, खोपटातून विळा घेतला आणि चालायला लागली. 

ती वाट मला आता नीटशी आठवत नाही. ढगातून चालत होतो. पुढं तिचे अनवाणी पाय दिसायचे, तिनं ठेवला तिथं मी पाय ठेवायचे. कारवीच्या रानातून पाणी वाहत होतं. एका ठिकाणी वाटच वाहून गेली होती, तिथं ती आधी पलीकडे गेली आणि तिनं मला मनगटाला धरून ओढून घेतलं. मी चपला हातात घेतल्या होत्या, त्या तिथं खाली गेल्या. डब्यातल्या भाकऱ्या मात्र पोटाशी धरून ठेवल्या होत्या.

वर पोचलो तेव्हा मनोरा दिसलाच नाही. ढगात त्याची शीळ तेवढी ऐकू येत होती, वाऱ्यानं लोखंड वाजत होतं. खोलीचं दार उघडं होतं. आत हे जमिनीवर बसले होते. आजूबाजूला स्क्रू, तारा, उघडी पडलेली यंत्राची पेटी. दाढी वाढलेली, बोटांना चिंध्या बांधलेल्या. माझ्याकडे बघून ह्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच, "तू? कशाला आलीस? मुलगी कुठंय?"

मी रडायचं ठरवून आले नव्हते, पण रडले. पाड्यावरची बाई दारात उभी राहून हसत होती. "सायेब, तुमची बायकू चपला सोडून आली," म्हणाली.

मग सगळं कळलं. वीज पडली त्याच्या आधीच ह्यांच्या कामावरच्या जोडीदाराला ताप भरला होता, तो डोळखांबच्या बाजूनं उतरून गेला होता आणि दरडीमुळं परत येऊ शकला नव्हता. हे एकटेच होते. विजेनं मोठं यंत्र जळालं. फोन गेला. ह्यांनी अडगळीतलं जुनं यंत्र बाहेर काढून दुरुस्त केलं होतं. त्याला सुरू करायचं तर एकानं बाहेर मनोऱ्याशी जाऊन केबलचा सांधा बघायचा आणि दुसऱ्यानं आत बटण दाबून काटा बघायचा. एकटा माणूस कधी आत, कधी बाहेर. सांध्यात पाणी शिरलं होतं, ते पुसून आत येईपर्यंत परत शिरायचं.

भाकरी खाऊन झाल्यावर हे म्हणाले, "आता आलीच आहेस तर इथं बस." मला एका स्टुलावर बसवलं. समोर काचेखाली एक काटा होता. "मी बाहेरून ओरडलो की हे हिरवं बटण दाब. काटा हलला तर सांग. लाल रेघेकडं गेला तर लगेच हे लाल दाब. घाबरू नकोस."

पाड्यावरची बाई दारात उभी राहिली, ह्यांचा आवाज मला आणि माझा ह्यांना पोचवायला. वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा दाबलं, काटा जागचा हलला नाही. मग पुन्हा. पुन्हा. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. माझे ओले पाय गारठून गेले. मग एकदा दारातून ती ओरडली, "दाब म्हनतात!" मी दाबलं. पेटीतून घुमल्यासारखा आवाज आला, काटा थरथरला आणि हळूहळू वर चढून मध्यावर उभा राहिला.

मी इतक्या जोरात ओरडले, "हलला! अहो, हलला!" की तिला काही पोचवावं लागलं नाही. 

हे आत आले ते चिंब भिजलेले. काट्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या छोट्या पडद्याकडे बघितलं. तिथं एक बाई गाणं म्हणत होती. हे हसले. असं हसताना मी ह्यांना आधी बघितलं नव्हतं. खाली घरी हसायचे ते पाहुण्यांसारखं. हे हसणं इथलं होतं, ह्या खोलीतलं. मला वाटलं, ज्याच्याशी लग्न झालं त्या माणसाला मी आज भेटते आहे.

"खाली सगळ्यांकडं लागलं आता," हे म्हणाले. "शहापूरपर्यंत. तू लावलंस."

दुपारनंतर ढग जरा फाटले. हे मला कड्याच्या बाजूला घेऊन गेले. खाली भाताची खाचरं, मधून जाणारा काळा रस्ता, आणि झाडांच्या गर्दीत कौलांचे लाल तुकडे. मला काही ओळखता येईना. ह्यांनी बोट केलं. "ते चिंचेचं झाड दिसतं ना, त्याच्या डावीकडं आपलं घर. मागं दांडी आहे. तू साड्या वाळत घालतेस ते दिसतं."

"एवढ्या लांबून?"

"साडी नाही दिसत. रंग दिसतो. ती पिवळी असली की चांगली दिसते. हिरवी झाडांत हरवते." मग म्हणाले, "सकाळी यंत्र लावलं की मी इथं येऊन उभा राहतो."

मी त्या चिंचेच्या डावीकडं बघत राहिले. पाड्यावरची बाई उतरायची घाई करत होती. 

घरी आले तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर बसलेल्या. "मी म्हटलं, लेकानं लावलं."

"आई, मी लावलं."

"तरीच," त्या म्हणाल्या, "सगल्यांची तोंडं वाकडी दिसत व्हती."

त्यानंतर मी हिरव्या साड्या घेतल्या नाहीत. दुकानात गेलं की पिवळी, केशरी, लाल. माहेरचे म्हणायचे, हिची आवड भडक झाली सासरी जाऊन. हे वर असले की रोज एक रंगीत साडी दांडीवर, धुवायची असो वा नसो. उन्हाळ्यात सुद्धा. ह्यावर आम्ही दोघं परत कधी बोललो नाही. बोललो असतो तर ते कमी झालं असतं असं मला वाटायचं. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं कुठली, असं कुणी विचारलं तर मी ती सांगेन. ह्यांच्या आणि माझ्यामध्ये अख्खा डोंगर होता ती.

मग दिवस पालटले. आधी केबल आली, मग घराघरावर डिशच्या छोट्या छत्र्या आल्या. बांबूवरचे अँटेना एकेक करून उतरले. काहींचे बांबू वाल-पावट्याच्या मांडवाला गेले. आमच्याकडेही मुलीनं छत्री बसवून घेतली. तोवर ती बदलापूरला नोकरीला लागली होती. "आई, अँटेनावर आता कोणी बघत नाही गं. दोन चॅनल दिसतात फक्त." मी म्हटलं, छत्री असू दे, पण अँटेना काढायचा नाही. जुना टीव्ही माझ्या खोलीत हलवला. सासूबाई गेल्या होत्या. गावात आमचा एकच अँटेना राहिला. कावळे बसायचे त्यावर.

एकदा हे खाली आलेले असताना मी विचारलं, "आता वरून कोणासाठी लावता?"

हे पान लावत होते. वर न बघता म्हणाले, "पाड्यांवर असतील कोणी. आणि तू बघतेस की."

"तुम्हाला काय माहीत?"

"घरी येताना अँटेना दिसतो," हे म्हणाले.

मुलगी एकदा म्हणाली होती की बाबांचं काम म्हणजे रिकाम्या वर्गात शिकवणं. ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. मी शिक्षिका, म्हणून तिला ते सुचलं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग टीव्हीचं प्रक्षेपण बंद करायचा हुकूम आला. देशभर सगळीकडेच बंद होत होतं, आमचं काही वेगळं नव्हतं. ह्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. वर जाताना हे दाराशी थांबले. "दुपारी बंद करणार. तू शाळेत असशील."

"रजा काढते," मी म्हटलं.

त्या दुपारी मी एकटीच जुन्या टीव्हीसमोर बसले. शेतीचा कार्यक्रम चालू होता. एक शेतकरी हळदीबद्दल सांगत होता, गड्डे कसे उकडायचे, कसे वाळवायचे. तो म्हणाला, "आणि मग आपण ते..." आणि मुंग्या आल्या. वाक्य पुरं झालं नाही. मी बसून राहिले. वाटलं, हे आत्ता कड्यावर येऊन उभे असतील. दांडीवर केशरी साडी होती. मुंग्यांकडे बघता बघता ऊन उतरलं तरी टीव्ही बंद करायला माझा हात उठेना.

हे घरी आले. उरलेली नोकरी कल्याणच्या बाजूच्या कचेरीत जाऊन-येऊन केली, निवृत्त झाले. आता हे रोज घरी.

आणि मला ह्यांची आठवण यायला लागली.

हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. नवरा समोर ओटीवर बसलेला आणि बायको म्हणते आठवण येते. ऐकणाऱ्यानं काय समजावं? पण तसंच होतं. आम्ही इतक्या वर्षांच्या संसारात सलग एवढे दिवस कधी एकत्र राहिलो नव्हतो. हे पहाटेच उठायचे आणि कुठं जायचं नाही म्हणून अंगणात उभे राहायचे. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवायचे, मला मीठ सापडायचं नाही. दिवसातून दोन वाक्यं बोलायचे. मी पिवळी साडी दांडीवर घातली तरी हे दांडीच्या पलीकडेच खुर्चीवर पेपर वाचत असायचे, साडी पेपरवर सावली पाडायची म्हणून खुर्ची सरकवायचे. त्या खुर्ची सरकवण्याचा आवाज मला फार लागायचा. डोंगरावरून रंग ओळखणारा माणूस कुठं गेला, असं वाटायचं. मी भांडी घासताना मान वर करून टावरकडे बघायचे. जसं काही हे अजून तिथंच आहेत आणि खाली आलाय तो कोणी दुसराच.

हे मात्र टावरकडे बघतच नसत. खुर्ची ठेवायचे तीही डोंगराकडं पाठ करून.

मागच्या थंडीत आम्ही म्हसा गावच्या जत्रेला गेलो. दोघं मिळून पहिल्यांदाच. इतकी वर्षं जत्रेत हे नेमके वर असायचे, कारण जोडीदाराच्या घरचा तिथं नवस असे. बैलांचा बाजार बघितला, एक घोंगडी घेतली, आणि गर्दीपासून लांब एका बांधावर भजी खात बसलो. एका माणसानं खेळण्यांच्या दुकानात जुना टीव्ही लावून ठेवला होता, कसलीशी जोडणी निसटलेली, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. हे तिकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "खाली कसं दिसायचं गं?"

मला आधी कळलं नाही.

"म्हणजे मी लावायचो तेव्हा. इथं खाली. मी कधी बघितलंच नाही. मी खाली असलो की झोपलेला असायचो."

मी सांगितलं. पहिल्या सकाळपासून सगळं. मुंग्या, खरखर, मग ती काळी शांतता. चहाचा कप. सासूबाई आतून काय विचारायच्या. शेवटच्या दुपारी अर्ध्यावर तुटलेलं हळदीचं वाक्य. हे भजी हातात धरून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आईपण?" मी म्हटलं, "आईपण." ह्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. शेजारून एक बैलजोडी गेली, तिच्या घुंगरांच्या आवाजात थोडा वेळ निघून गेला.

"सांगितलं नाहीस कधी," हे म्हणाले.

"तुम्हीपण साडीचं एकदाच सांगितलंत."

घरी येताना जीपमध्ये हे म्हणाले, "वर जाऊ या एकदा."

होळीच्या आधी गेलो. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून थांबत थांबत. पाड्यावरची ती बाई आता वाकली आहे, तिला दिसत कमी. तिनं आवाजावरून ह्यांना ओळखलं आणि ताक प्यायला लावलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता चपला हायत ना पायात?" 

वर फाटकाला कुलूप होतं. टीव्हीचं यंत्र नेलेलं होतं, रेडिओचं तेवढं आतल्या आत चालू होतं, त्याला माणूस लागत नाही. मनोऱ्यावर मोबाइलवाल्यांचे पांढरे ढोल लागले होते. पहारेकरी नवा होता, भला माणूस होता, पण परवानगीशिवाय आत सोडता येत नाही म्हणाला. ह्यांनी हुज्जत घातली नाही. जाळीला बोटं अडकवून आत बघत राहिले. खोलीच्या दारावर वेल चढला होता. "पट्टे रंगवायला झाले," एवढंच म्हणाले.

कड्याकडे मात्र कुणी अडवलं नाही. चिंचेचं झाड गेल्या वर्षी रस्त्याच्या रुंदीकरणात गेलं, त्यामुळं ह्यांनाही घर लवकर सापडेना. दोघं मिळून शोधत बसलो. शेवटी मीच शोधलं, शाळेच्या निळ्या पत्र्यावरून.

उतरताना हे बोलायला लागले आणि घर येईपर्यंत बोलत होते. मला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी. वानरं तबकडीत येऊन बसायची आणि मुरबाडभर चित्र हलायचं. जोडीदार भजनं म्हणायचा, इतकी बेसूर की हे यंत्राचा पंखा मुद्दाम जोरात लावायचे. एकदा धुक्यात कड्यावर उभे असताना आपण खाली उतरून जावं, नोकरी सोडावी असं इतकं वाटलं की हे निम्म्या वाटेपर्यंत आले होते आणि कार्यक्रमाची वेळ आठवून परत फिरले. मी काही न विचारता ऐकत होते. विचारलं तर थांबतील अशी भीती होती.

दुसऱ्या दिवशी हे परत गप्प. माणूस एका चढणीनं बदलत नाही. कधी दिवसभर बोलणं होतं, कधी आठवडा नुसता जातो. पण परवा आम्ही ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, दुपारचं ऊन अंगणात होतं, आणि मी म्हटलं, "मला तुमची आठवण येते."

हे म्हणाले, "मी इथंच आहे की."

"हो. तरीपण."

ह्यांच्या हातातली शेंग किडकी निघाली, ती बाजूला टाकली.

"मलापण येते तुझी," हे म्हणाले आणि सूप माझ्याकडं सरकवलं.